सुभद्रा बाळ बघायला जाते



आजचं वाचन महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातलं, परीक्षिताच्या जन्माचं. ही गोष्ट आपल्याला साधारण एका ओळीत माहीत असते. अश्वत्थाम्याने अस्त्र सोडलं, उत्तरेचं बाळ मेलेलं जन्मलं, कृष्णाने ते जिवंत केलं. कीर्तनातही बऱ्याचदा ती चमत्कार म्हणून येते आणि कथा पुढे सरकते. व्यासांना मात्र एवढी घाई नाही. ते आधी माहेरचा एक प्रसंग सांगतात, मग प्रवास, मग बाळंतिणीची खोली. आणि त्या खोलीत जायच्या आधी एक बहीण आपल्या भावाशी काय बोलली, तेही नीट लिहून ठेवतात. आज आपण त्या बहिणीपाशी थांबू. ती म्हणजे सुभद्रा.

नात्याने ती या बाळाची आजी. पण कृष्णासमोर उभी राहते तेव्हा बहीण म्हणूनच बोलते.

आधी द्वारकेत

युद्ध संपलंय. कृष्ण द्वारकेला निघतो आणि सुभद्रेला आपल्या रथात बसवून माहेरी नेतो. तिचा एकुलता एक मुलगा अभिमन्यू तेराव्या दिवशी चक्रव्यूहात मारला गेलाय. सून उत्तरा गरोदर आहे.

द्वारकेला पोचल्यावर वसुदेव विचारतात, युद्ध कसं झालं ते सांग. कृष्ण सांगायला लागतो. भीष्म किती दिवस लढले, द्रोण किती दिवस, मग कर्ण, मग शल्य, शेवटी भीम आणि दुर्योधन. सगळं क्रमाने सांगतो. फक्त अभिमन्यूचं मरण गाळतो. कारणही व्यास सांगतात: म्हाताऱ्या वडिलांना नातवाच्या मरणाचा धक्का बसू नये.

किती ओळखीचं आहे ना हे? घरात एखादी वाईट गोष्ट घडलेली असते आणि आपण ठरवतो की आजोबांना इतक्यात सांगायचं नाही. हेतू प्रेमाचाच असतो.

पण सुभद्रा तिथेच उभी आहे. सगळं युद्ध सांगून झालं आणि त्यात तिच्या मुलाचं नावच आलं नाही. तिला राहवत नाही. ती म्हणते, कृष्णा, माझ्या मुलाचं मरणही सांग. एवढं बोलून ती जमिनीवर कोसळते. ते पाहून वसुदेवही कोसळतात. मग कृष्णाला सांगावं लागतं. तो सांगतो की अभिमन्यू कसा लढला, आणि त्याने शेवटपर्यंत पाठ दाखवली नाही.

इथे पुस्तक क्षणभर बाजूला ठेवून विचार करा. साक्षात भगवंताने दयेपोटी एक गोष्ट गाळली, आणि एका आईने त्याला थांबवून ती सांगायला लावली. व्यास तिला दोष देत नाहीत. कृष्णही तिला गप्प करत नाही. तो ऐकतो आणि सांगतो.

हस्तिनापुरात

पुढे अश्वमेधाची वेळ जवळ येते. कृष्ण बलरामांना पुढे घालून हस्तिनापूरला निघतो आणि सुभद्रा त्याच्यासोबत असते. कुंती, द्रौपदी, उत्तरा यांना भेटायचंय, धीर द्यायचाय. पाचही पांडव यज्ञासाठी धन आणायला हिमालयाकडे गेलेत, घरात नाहीत. आणि याच दिवसांत उत्तरेला वेणा सुरू होतात.

बाळ जन्मल्याचं कळताच नगरात आनंदाचा गलका उठतो. आणि तसाच मध्येच तुटतो. बाळ हलत नाही.

कृष्ण सात्यकीला घेऊन घाईघाईने आत जातो. समोरून कुंती धावत येतेय, त्याला हाका मारतेय. तिच्या मागे द्रौपदी, सुभद्रा आणि घरातल्या इतर बायका रडत येतायत. आधी कुंती बोलते. कृष्णाने दिलेल्या शब्दाची आठवण करून देते. अश्वत्थाम्याने अस्त्र सोडलं तेव्हाच तो म्हणाला होता की हे बाळ मेलेलं जन्मलं तरी मी त्याला उठवीन.

कुंतीनंतर सुभद्रा बोलते. तिचं बोलणं शांत चित्ताने वाचा. अर्जुनाच्या या नातवाकडे बघ, म्हणते. धर्मराज परत आल्यावर काय म्हणतील? भीम काय म्हणेल? मेघ पाऊस पाडून वाळलेल्या पिकाला जगवतो, तसा तू याला जगव.

मी श्रीगोंद्याचा. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस लांबला की ऊस आणि लिंबाच्या बागा कशा माना टाकतात आणि कुकडीचं आवर्तन कधी सुटणार या एका प्रश्नावर अख्खं गाव कसं अडून बसतं, हे बघतच आम्ही वाढलो. त्यामुळे ही उपमा वाचताना मला ती नुसती अलंकार वाटत नाही. माणूस आभाळाकडे बघतो त्या नजरेने ती भावाकडे बघतेय.

आणि मग शेवटी ती म्हणते की माझ्यावर दया कर. कोणत्या नात्याने? ती तीन नाती सांगते. मी तुझी बहीण आहे म्हणून कर. किंवा जिचा मुलगा मेलाय अशी बाई म्हणून कर. किंवा तुला शरण आलेली म्हणून कर.

मंडळी, आजच्या चिंतनाचा गाभा हे तीन शब्द आहेत. बहीण, मूल गेलेली आई, शरणागत.

यातला पहिला आणि तिसरा शब्द कुणालाही पटेल. बहीण म्हणून मागणं आपल्या घरातलं आहे, शरण जाऊन मागणं आपल्या भक्तीतलं. पण मधला? बाळंतिणीच्या खोलीजवळ, नवजात बाळाच्या विषयात, माझं मूल गेलंय हे शब्द मोठ्याने उच्चारायचे? आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणेल, अगं, आत्ता नको ते. सुभद्रा ते शब्द गाळत नाही. उलट, त्याच कारणासाठी मला दे म्हणते.

यावर कृष्ण मोठ्या आवाजात म्हणतो, तसंच होईल. उन्हाने कासावीस झालेल्या माणसाला पाणी मिळावं तसं त्या घराला त्याचं बोलणं वाटलं, असं व्यास म्हणतात.

ती खोली

मग तो खोलीत शिरतो. या खोलीचं वर्णन वाचून मी थक्क झालो होतो. पांढऱ्या फुलांच्या माळा लावल्यायत. चारी बाजूंना पाण्याने भरलेले कलश आहेत. तुपात भिजवलेले टेंभुर्णीच्या लाकडाचे कोळसे, मोहरी, धार लावलेली शस्त्रं, पेटते अग्नी. सेवेला वयस्कर बायका आणि जाणते वैद्य.

आता आपल्या आजीची बाळंतिणीची खोली आठवा. शेगडी, ओव्याची धुरी, दृष्ट काढायला मीठ-मोहरी, उशाखाली विळी नाहीतर कोयता. किती हजार वर्षांचं अंतर आहे मोजायला नको, खोली तीच आहे. ती बघून कृष्णाला बरं वाटलं, त्याने तिचं कौतुक केलं, असंही तिथे लिहिलंय.

पण नीट बघा. त्या खोलीत अमंगळ टाळायला सगळं काही आहे. मोहरी आहे, शस्त्र आहे, अग्नी आहे. आणि त्याच घरात, त्या बाळासाठी तळमळणाऱ्या बायका कोण आहेत? सुभद्रा, जिचा एकुलता मुलगा गेला. द्रौपदी, जिचे पाचही मुलगे एका रात्रीत मारले गेले. कुंती, जिने पहिलं मूल जन्मल्या जन्मल्या नदीत सोडलं आणि नुकतंच त्याच मुलाचं मरण पाहिलं. आणि स्वतः बाळंतीण उत्तरा, जिचा नवरा गेलाय. यातल्या एकीलाही व्यास बाजूला व्हायला सांगत नाहीत. बाळाला दृष्ट लागेल म्हणून कृष्ण कुणाला लांब उभं करत नाही. परीक्षितासाठी पदर पसरला तो याच बायकांनी.

मग कृष्ण आचमन करून ते अस्त्र मागे घेतो आणि स्वतःचं सत्य पणाला लावतो. थट्टेतही मी कधी खोटं बोललो नसेन, युद्धात कधी पाठ फिरवली नसेल, अर्जुनाशी माझं कधी वैर झालं नसेल, तर या सत्याच्या बळावर हे बाळ जगो. हळूहळू बाळ हलायला लागतं.

पुढे सगळे वृष्णी बाळाला रत्नं देतात, कृष्णही देतो. बाळ बघायला रिकाम्या हाताने जायचं नसतं ना! आणि नावही कृष्णच ठेवतो. वंश क्षीण होत आला असताना जन्मला म्हणून परीक्षित.

आपल्या घरात

आता आपल्याकडे येऊ. बाळ झाल्याचं कळलं की बहीण बाळंतविडा घेऊन निघते. झबलं, टोपडं, कुंची, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, खारीक-खोबरं, जमलं तर चांदीचे वाळे. भावाचं बाळ असेल तर ती आत्या, आणि बारशाला आत्याचा मान. पाळण्याच्या वरून-खालून बाळाची देवाणघेवाण होते, आत्या वाकून कानात कुर्र करून नाव सांगते आणि मागे उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. घुगऱ्या वाटल्या जातात. सगळ्या विधींमध्ये मला हा सर्वांत लाडका. भटजी नाही, मंत्र नाही. माणसाला त्याचं नाव पहिल्यांदा ऐकू येतं ते बापाच्या बहिणीच्या तोंडून.

पण त्या बहिणीचं स्वतःचं बाळ गेलेलं असेल तर? किंवा होतच नसेल तर? किंवा ती विधवा असेल तर?

श्रीगोंद्याकडच्या एका बारशाची गोष्ट तिला विचारूनच लिहितोय. कोण, कुठलं, ते सांगत नाही. भावाला दुसरं बाळ झालं. दुसरं बाळंतपण, म्हणून वहिनी सासरीच होती. बहीण पुण्याला असते, आपल्यासारखीच नोकरी करणारी. सहा महिन्यांपूर्वी सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं. बारशाच्या आदल्या रात्री घरात बायकांचं बोलणं चाललं होतं. कुणी वाईट बोललं नाही, हे मुद्दाम सांगतो. सगळे मायेनेच बोलत होते. "तिला आता त्रास नको." "चुलत आत्या आहे की, ती ठेवेल नाव." "बिचारीने नुसतं येऊन जावं." एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र हळूच खरं कारण सांगितलं, की पहिला हात चांगला लागावा.

ते बोलणं तिच्या कानावर गेलं. ती आईला म्हणाली, "आई, मला त्रास होईल का, हे मला विचारलंत का कुणी?"

आई काहीच बोलली नाही. बोलली ती वहिनी, आत खाटेवरून. "ताई, तुम्हीच ठेवायचं नाव. दुसऱ्या कुणाकडे मी बाळ देणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने नाव ठेवलं. पहिल्या वेळी नीट सांगितलं, दुसऱ्या वेळी आवाज अडकला. बायकांनी धपाटे घातले, ती हसली. नंतर मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ बसली. कुणी तिला समजवायला गेलं नाही, फक्त आई शेजारी जाऊन बसली. संध्याकाळी ती पुण्याला परत गेली. बाळ उत्तम आहे, हे वेगळं सांगायला नको.

द्वारकेतला प्रसंग आणि हा प्रसंग शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे गाळणारे लोक प्रेमाचेच आहेत. दोन्हीकडे जिचं दुःख आहे तिला न विचारता ठरवलं गेलं. अपशकुनाची भाषा आपल्या पिढीत आता थेट कुणी बोलत नाही. तीच जुनी गोष्ट आपण काळजीच्या भाषेत बोलतो. फॅमिली ग्रुपमधून बाळाचे फोटो तिला दिसणार नाहीत अशी सोय करतो, तिच्यासमोर विषय बदलतो, बारशाचं निमंत्रण उशिरा पाठवतो. तिला काय दिसतं? आपल्याशिवाय एक घर आनंदात आहे, आणि आपण आलो की सगळे गप्प होतात.

उलट बाजूही

काही जणी हे वाचत असतील ज्यांना सध्या बाळाला बघायला जाणं खरंच शक्य नाही. दाराशी पोचायच्या आधीच श्वास अडकतो. त्यांना सुभद्रेचा दाखला देऊन कुणी ओढत नेऊ नका. सुभद्रेला कुणी ढकललं नव्हतं. द्वारकेत आधी तिला कोसळायला मिळालं, तिच्या मुलाचं मरण नावानिशी सांगितलं गेलं, वडील तिच्यासोबत रडले, अभिमन्यूचं श्राद्ध झालं. त्यानंतर ती हस्तिनापूरला निघाली. ज्या घरात तुमच्या गेलेल्या बाळाबद्दल एक शब्दही कुणी काढलेला नाही, त्या घरात दुसऱ्याच्या बाळाचं कौतुक करायला जाणं जड जाणारच. थोडं थांबलात तर देव रागावत नाही.

आणि एक गोष्ट या कथेच्या नावाने कधीही कुणाला सांगू नका. "भक्ती कर, कृष्ण तुझंही बाळ परत देईल," असं नको. कृष्णाने परीक्षिताला उठवलं, अभिमन्यूला नाही. बहिणीचा मुलगा, त्याचा लाडका भाचा, तो गेला तो गेलाच. का? महाभारत याचं सोपं उत्तर देत नाही, मीही देणार नाही. सुभद्रेलाही ते मिळालेलं दिसत नाही. पण तिच्या मागण्याकडे बघा. माझा मुलगा परत दे असं ती म्हणत नाही. ती उत्तरेचं बाळ मागते. स्वतःची ओंजळ रिकामी असताना दुसरीच्या ओंजळीसाठी मागणं, याहून मोठी प्रार्थना मला तरी माहीत नाही. ती सोपी नव्हती. म्हणून तर ती रडत रडत केली.

श्रीगोंदा हे शेख महंमद महाराजांचं गाव. जन्माने मुसलमान असलेल्या या संताला वारकऱ्यांनी आपलं मानलं. त्यांच्या मोठ्या ग्रंथाचं नाव 'योगसंग्राम'. लढाई आतली आहे, हे त्या नावातच आलं. मला वाटतं, पाळण्याशी वाकलेली ती आत्या असाच एक संग्राम लढत असते. बाहेरून दिसतं एवढंच, की एक बाई बाळाच्या कानात काहीतरी सांगतेय.

परीक्षित कुणाला शोधतो

भागवतात ही कथा थोडी वेगळी आहे. तिथे बाळ गर्भात असतानाच त्याला अंगठ्याएवढा एक तेजस्वी पुरुष दिसतो, हातातली गदा फिरवत अस्त्राचं तेज विझवणारा. नावाचा अर्थही तिथे वेगळा दिलाय. जन्मल्यावर हा मुलगा समोर येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे निरखून बघायचा, की मला आत भेटला होता तो हाच का? असं परीक्षण करणारा म्हणून परीक्षित.

आपण बाळ बघायला जातो तेव्हा आपल्याला वाटतं आपण त्याला बघतोय. नाक कुणासारखं, रंग कुणाचा. भागवत म्हणतं, तेही तुम्हाला बघतंय, आणि तुमच्यात हरीला शोधतंय. मग सांगा, त्या बाळाला तो कुणाच्या चेहऱ्यावर लवकर सापडेल? स्वतःचं दुःख बाजूला न ठेवता, ते घेऊनच जी वाकलीय, तिच्या चेहऱ्यावर सापडायला हरकत नसावी.

आजचा संकल्प

आपल्या घरात, मित्रपरिवारात नुकतंच बाळ झालं असेल तर अशी एक बहीण, वहिनी, मैत्रीण आठवा जिला आपण "त्रास होईल" म्हणून बाजूला ठेवलंय. आज तिला फोन करा. मेसेज नको, फोन. विचारा, "यायचंय का तुला? तुझं मन काय म्हणतंय?" ती हो म्हणाली तर तिचा पूर्ण मान द्या, बाळ तिच्या हातात द्या. नाही म्हणाली तर तेवढ्याच प्रेमाने ऐका आणि पुन्हा कधीतरी विचारा.

तिच्या गेलेल्या बाळाचं नाव ठरलं असेल, तर एकदा ते नाव तिच्यासमोर उच्चारा.

आणि तुम्हीच ती बहीण असाल, तर रात्री झोपण्याआधी सुभद्रेच्या तीन नात्यांपैकी जे आज खरं वाटेल ते धरून देवाशी बोला. बहीण म्हणून, मूल गेलेली आई म्हणून, की शरण आलेली म्हणून. तिन्ही एकदम असली तरी चालतं. तिचीही होती.

हे द्वारकाधीशा, आमच्या घरातल्या कुठल्याही दारात कुणाचं दुःख अडवलं जाऊ नये, एवढी बुद्धी आम्हाला दे.

राम कृष्ण हरी.